चांदा जिल्ह्यातील ज्युरासिक टेरोसॉर : एका जीवाश्म-नामाचा इतिहास

प्रस्तावना :

धर्माबाद तालुक्यातील बाभळीचा बंधारा मागे टाकून गोदावरी बासरच्या बाजूने तेलंगणात प्रवेश करते. पुढे बरेच अंतर तेलंगणातून वाहिल्यावर ती सिरोंचापाशी पुन्हा महाराष्ट्राच्या सीमेला लागते. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून निर्माण झालेली प्राणहिता नदी येथेच तिला येऊन मिळते. एकाच नदीच्या या दोन काठांवरील खडकांमध्ये मात्र मोठे अंतर आहे. नांदेड जिल्ह्याचा बहुतांश भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टाने व्यापलेला असून, पूर्वेकडे बिलोली-देगलूर परिसरात अतिप्राचीन ग्रॅनाइट उघडे पडलेले दिसते. ज्युरासिक काळ सुमारे २० कोटी ते १४.५ कोटी वर्षांपूर्वीचा होय. म्हणजे मराठवाड्याच्या या टोकाला एक खडक त्या काळानंतरचा, तर दुसरा त्याच्या कितीतरी आधीचा आहे. ज्युरासिक प्राण्यांचा शोध घ्यावयाचा असल्यास गोदावरीच्या प्रवाहाबरोबर प्राणहितेच्या संगमापर्यंत जाणे क्रमप्राप्त ठरते.

या संगमाच्या परिसरातील कोटा शैलसमूहातून टेरोसॉर, म्हणजेच उडणाऱ्या सरीसृपाचे अवशेष मिळाल्याची नोंद विसाव्या शतकात दोन वेळा झाली. १९६३ साली सी. एन. राव व एस. सी. शहा यांची टिपणी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अभिलेखमालेत प्रसिद्ध झाली. १९७४ साली सोहनलाल जैन यांनी जबड्याच्या एका तुटक्या भागावरून ‘कॅम्पिलोग्नॅथॉइडिस इंडिकस’ ही नवी जात जाहीर केली. त्यानंतर अनेक दशके कोटा शैलसमूहाच्या प्राणिसूचीत टेरोसॉरची गणना होत राहिली. हे नाव कशाच्या आधारावर उभे राहिले आणि तो आधार कितपत भक्कम होता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मासे, मिशनरी आणि सर्वेक्षक :

कोटा हे प्राणहितेच्या काठावरील सिरोंचाजवळचे लहानसे गाव. तेथील पातळ थरांच्या चुनखडकात सापडलेल्या अश्मीभूत माशांकडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपीय अभ्यासकांचे लक्ष गेले. १८५१ साली कर्नल साइक्स यांनी दख्खनमधील एका माशाची माहिती लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे मांडली आणि एगर्टन यांनी त्याचे ‘लेपिडोटस डेक्कनेन्सिस’ असे नामकरण केले. त्याच सुमारास नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे मध्य प्रांतातील खडकांचा कसोशीने अभ्यास करीत होते. ज्यांच्या नावाने नागपुरात आजही महाविद्यालय चालते, त्या हिस्लॉप यांचे भूविज्ञानातील कार्य मराठी वाचकांपर्यंत फारसे पोहोचलेले नाही, ही खेदाची बाब म्हणावी लागेल.

येथेच एक कोडे उभे राहिले. कोट्याचे मासे युरोपातील पूर्व-ज्युरासिक माशांशी जुळत होते. जवळच्या मलेरी येथील सरीसृपांचे अवशेष मात्र, हक्सली यांच्या निरीक्षणानुसार, ‘हायपरोडापेडॉन’ या ट्रायासिक प्राण्याशी मिळते-जुळते होते. दोन्ही खडक एकाच गटातले मानले तर त्यांचे वय ठरविता येईना. तरीही ‘कोटा-मलेरी थर’ ही जोडसंज्ञा रूढ झाली आणि दीर्घकाळ टिकली. पुढील क्षेत्रकार्यातून मलेरीचे थर उत्तर-ट्रायासिक व कोट्याचे थर ज्युरासिक असल्याचे स्पष्ट झाले. १९६३ च्या टिपणीच्या शीर्षकातसुद्धा ही जोडसंज्ञाच आढळते. कोट्यवधी वर्षांचे अंतर असलेले दोन थर एका नावाखाली आले, की त्या नावाने नोंदविलेल्या तुकड्याचे वयही सैल होते, हे येथे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

स्थळनामांचा इतिहासही असाच गुंतागुंतीचा आहे. १८६० च्या तहान्वये इंग्रजांनी नळदुर्ग-धाराशिवचा व रायचूरचा मुलूख निजामाला परत केला आणि गोदावरीच्या डाव्या काठावरील काही तालुके स्वतःकडे घेतले. सिरोंचाचा प्रदेश त्यात होता. अशा रीतीने नदीचा एक काठ इंग्रजी अमलाखाली, तर दुसरा हैदराबाद संस्थानात राहिला. सिरोंचा पुढे चांदा जिल्ह्यात समाविष्ट झाले, चांद्याचे चंद्रपूर झाले आणि १९८२ साली त्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला. पलीकडच्या काठावर २०१४ साली तेलंगण राज्य अस्तित्वात आले आणि २०१६ साली आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन झाले. ‘चांदा जिल्हा’ एवढेच स्थळ आज वाचणाऱ्यास त्यावरून नेमका ओढा किंवा नेमका थर सापडणे शक्य नाही.

१९७४ चे नामकरण :

सोहनलाल जैन हे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील पुराजीववैज्ञानिक. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने या संस्थेत भूवैज्ञानिक अभ्यासाचा विभाग सुरू झाला, तेव्हा लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांचे मार्गदर्शन त्यास लाभले. सांख्यिकीच्या संस्थेत डायनोसॉरच्या अस्थी कशासाठी, असा प्रश्न वाचकास पडेल. महालनोबिस यांच्या दृष्टीने मात्र मोजमापाचे शास्त्र हाडांनाही लागू होते. या विभागाने प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात पोचमपल्लीजवळ केलेल्या उत्खननातून ‘बारापासॉरस टागोराय’ हा अवाढव्य डायनोसॉर उजेडात आला. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दी वर्षाची, १९६१ ची, स्मृती त्याच्या नावात जपलेली आहे. तेथे सुमारे ३०० अस्थी मिळाल्या. किमान सहा प्राण्यांचे ते अवशेष होते. परंतु त्यांत एकही कवटी नव्हती. नाजूक हाडे प्रवाहात नाहीशी होतात आणि जाड हाडे तेवढी मागे उरतात, याचा याहून बोलका दाखला शोधून सापडणार नाही.

‘कॅम्पिलोग्नॅथॉइडिस’ हे प्रजातिनाम जर्मनीतील आहे. होल्त्समाडेन परिसरातील काळ्या शेल खडकात, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात, या प्रजातीचे जवळजवळ संपूर्ण सांगाडे मिळाले आहेत. त्यांतील लहान जातीचा पंखविस्तार सुमारे एक मीटर होता. प्रारंभी या प्रजातीस दिलेले ‘कॅम्पिलोग्नॅथस’ हे नाव अगोदरच दुसऱ्या प्राण्याला दिलेले असल्यामुळे १९२८ मध्ये ते बदलावे लागले. जैन यांनी भारतीय तुकड्याची सांगड या प्रजातीशी का घातली, हे समजण्यासारखे आहे. ‘लेपिडोटस’, ‘डापेडियम’ यांसारखे जे मासे होल्त्समाडेनच्या खडकात आहेत, त्यांचेच सगोत्र कोट्याच्या चुनखडकात आहेत. मासे जुळले तर त्यांच्यावर घिरट्या घालणारा प्राणीही जुळेल, ही अपेक्षा अवास्तव नव्हती. मात्र या अपेक्षेनेच तुकड्याच्या वाचनाला दिशा दिली असावी, असे मानण्यास जागा आहे.

२००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाचे केविन पॅडियन यांनी या संपूर्ण प्रजातीचे पुनर्परीक्षण केले. जर्मनीतील जाती त्यांनी कायम ठेवल्या. भारतीय जात मात्र संदिग्ध ठरली. ज्या लक्षणांमुळे एखादा तुकडा निश्चितपणे त्या प्रजातीचा म्हणता येतो, ती लक्षणे त्यात नव्हती. तो तुकडा माशाचाही असू शकेल, अशी शंका उपस्थित झाली. ज्या खडकाची ओळख शंभराहून अधिक वर्षे माशांमुळेच होती, त्यातील दात असलेला तुटका जबडा पाहताना हा पर्याय सर्वप्रथम विचारात घ्यावयास हवा होता, असे आज म्हणता येते. त्यामुळे जैन यांच्या कार्याचे मोल कमी होत नाही. त्यांनी तुकड्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणूनच चौतीस वर्षांनंतर त्याची फेरतपासणी शक्य झाली.

लहान सांगाडे काय सांगतात :

टेरोसॉरच्या इतिहासात चुकीची ओळख ही नवी गोष्ट नाही. १७८४ साली कोसिमो कोलिनी यांनी बव्हेरियातील चुनखडकातून मिळालेल्या पहिल्या सांगाड्याचे वर्णन केले. हे गृहस्थ एकेकाळी व्होल्टेअरचे सचिव होते. लांब बोटांचा हा प्राणी समुद्रात राहणारा असावा, असा त्यांचा तर्क होता. १८०१ मध्ये क्यूव्हिए यांनी तो उडणारा सरीसृप असल्याचे ओळखले. त्याचे लांबलेले चौथे बोट पंखाच्या पडद्याला आधार देत होते. तरीही त्यानंतर झ्योमरिंग यांनी त्याची तुलना वटवाघळाशी केली. येथे एक फरक महत्त्वाचा आहे. बव्हेरियाचा सांगाडा जवळजवळ पूर्ण होता, म्हणून मते चुकली तरी तो पुराव्याच्या बळावर पुन्हा वाचता आला. तुटक्या जबड्याला ती सोय नसते.

टेरोसॉरची हाडे पोकळ असून त्यांच्या भिंती अनेकदा मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ असतात. वाहत्या पाण्यात, वाळूत अशी हाडे टिकत नाहीत. शांत पाण्याच्या तळाशी, प्राणवायूचा अभाव असलेल्या बारीक गाळात ती टिकतात. बव्हेरियातील झोल्नहोफेनच्या खडकांत अशीच परिस्थिती होती. तेथील काही सांगाड्यांच्या उदरभागात माशांचे अवशेष आहेत, काहींत पंखांच्या पडद्याचे ठसेही आहेत. ‘अन्युरोग्नॅथस’ हा अगदी छोटा, रुंद तोंडाचा, कीटक खाणारा असावा असा टेरोसॉर तेथूनच १९२३ साली ज्ञात झाला. कझाकस्तानातील कारातौ येथील ‘सॉर्डिस’ या लहान प्राण्याच्या अंगावर केसांसारखे आवरण असल्याचे १९७१ साली शारोव यांनी नोंदविले. म्हणजे लहान जीवाश्मांनीच या प्राण्यांचे अन्न, कातडी व वाढ यांविषयी सर्वाधिक माहिती दिली आहे.

परंतु लहान सांगाड्यांची विपुलता हीदेखील फसवी असू शकते. २०२५ साली रॉबर्ट स्मिथ, डेव्हिड अनविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी झोल्नहोफेनमधील ‘टेरोडॅक्टिलस’च्या दोन पिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा पंखविस्तार एका वितीपेक्षाही कमी होता. दोघांच्याही भुजास्थी तिरकस तुटलेल्या होत्या. वादळी वाऱ्याने पंख पिळवटल्यावर होईल, तसा हा अस्थिभंग आहे. वादळाने ही पिले खाजणात फेकली, ती बुडाली आणि चुन्याच्या चिखलात तत्काळ गाडली गेली. मोठे, सशक्त टेरोसॉर अशा वादळात सहसा सापडत नसत. मेले तर त्यांची शरीरे पाण्यावर तरंगत कुजत आणि तळाशी केवळ सुटे अवयव पोहोचत. झोल्नहोफेन ही लहान टेरोसॉरांची वसती होती, हा दीर्घकाळचा समज खडकाने केलेल्या निवडीतून निर्माण झाला होता.

कोट्याकडे पुन्हा :

या दृष्टीने पाहिल्यास कोट्याचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात समोर येतो. ‘इंडिकस’ हे नाव बाद झाले, याचा अर्थ त्या सरोवरांवर टेरोसॉर उडत नव्हते असा होत नाही. चुनखडकात माशांचे सलग सांगाडे आहेत. अर्थात पाणी शांत होते व गाळ बारीक होता. झुरळे, भुंगेरे यांसारख्या कीटकांचे ठसेही त्याच खडकात मिळाले आहेत. मत्स्याहारी आणि कीटकाहारी अशा दोन्ही प्रकारच्या लहान टेरोसॉरांना तेथे अन्नाची वाण नव्हती. शक्यता मात्र पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. अध्यापनात, प्रश्नसंचांत वा जिल्ह्याच्या माहितीपुस्तिकेत ‘महाराष्ट्रातील टेरोसॉर’ असा निःसंदिग्ध उल्लेख करणे आजच्या ज्ञानानुसार समर्थनीय नाही.

कोट्यातील शोधाची पद्धत १९८० च्या सुमारास बदलली, हे येथे विशेष नमूद करावयास हवे. पूर्वी डोळ्यांना दिसणारी मोठी हाडे गोळा केली जात. नंतर चिखलखडकाचे गोटे आणून, ते पाण्यात भिजवून, बारीक चाळणीतून धुऊन उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात येऊ लागला. पी. यादगिरी, पी. एम. दत्ता, जी. व्ही. आर. प्रसाद आदी संशोधकांच्या अशा कामातून तांदळाच्या दाण्याहूनही लहान दात हाती आले. ‘कोटाथेरियम’ या आदिम सस्तन प्राण्याची नोंद १९८१ साली झाली. आसिफाबाद परिसरातील पैकासीगुडेम येथील गाळातून ‘गोदावरीसॉरस’ व ‘रेब्बनासॉरस’ हे सरीसृप २००१ साली, तर ‘भारतगामा’ हा सरडा २००२ साली प्रसिद्ध झाला. यांचे जबडे काही मिलिमीटरचेच आहेत. तरीही दातांची ठेवण व जबड्याशी असलेली त्यांची जोडणी स्पष्ट दिसत असल्याने त्यांची ओळख १९७४ च्या तुकड्यापेक्षा कितीतरी पक्की आहे.

हे बहुतांश काम पलीकडच्या, तेलंगणाच्या काठावर झालेले आहे. गडचिरोलीच्या काठावर सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे जीवाश्म उद्यान असून, अश्मीभूत वृक्षखोडे व डायनोसॉरच्या अस्थी ही त्याची मुख्य ओळख आहे. तेथील माती चाळणीतून धुण्यासाठी फारशी साधने लागत नाहीत. पाणी, बारीक जाळीच्या चाळण्या, एक साधा सूक्ष्मदर्शक आणि प्रत्येक पोत्यावर गाव, ओढा व थराची खोली लिहिलेली चिठ्ठी एवढे पुरेसे आहे.