रुग्णवाहिकेत इंजेक्शन कोणी द्यायचं?

108 ची गाडी दारात आली की नातेवाईक आधी विचारतात, "आत डॉक्टर आहेत ना?" महाराष्ट्रात 2014 मध्ये ही सेवा सुरू झाली तीच गाडीवर डॉक्टर ठेवून, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. डॉक्टर नसलेल्या माणसाने रस्त्यात इंजेक्शन द्यावं का, यासाठी अमेरिकेत मात्र कायदा करावा लागला.

1960 च्या दशकात तिथली जवळपास निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे चालवत. माणूस आडवा नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असे! गाडीवरच्या माणसाला प्रथमोपचार आलेच पाहिजेत, अशी सक्ती अनेक राज्यांत नव्हती.

1966 साली बेलफास्टमध्ये डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी हृदयविकाराच्या रुग्णाकडे डॉक्टर आणि डिफिब्रिलेटर घेऊन गाडी पाठवायला सुरुवात केली. हृदय थरथरू लागलं की शॉकला उशीर होणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी घटते. पण प्रत्येक गाडीला डॉक्टर आणायचा कुठून? म्हणून 1969 मध्ये लॉस एंजेलिसच्या हार्बर जनरल रुग्णालयात डॉ. मायकेल क्रायली यांनी अग्निशमन दलाच्या जवानांनाच शिकवलं. ते तयार झाले, पण कायदा आडवा आला. इंजेक्शन द्यायचा अधिकार फक्त डॉक्टर-नर्सला. मग गाडीत एक नर्स बसवावी लागे. शिकलेला माणूस रुग्णाशेजारी, औषध पेटीत, आणि नर्स सोबत नसेल तर हात बांधलेले!

काउंटीचे लोकप्रतिनिधी केनेथ हान यांनी पाठपुरावा केला. डॉक्टर-नर्सच्या संघटनांतून विरोधही झाला. अखेर 1970 मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी वेडवर्थ-टाउनसेंड कायद्यावर सही केली. कायदा प्रायोगिक होता आणि त्यात एक अट होती: रुग्णालयातल्या डॉक्टरशी किंवा प्रशिक्षित नर्सशी रेडिओवर संपर्क हवा. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. हात जवानाचे, जबाबदारी दोघांची.

आपल्याकडे 2021 च्या केंद्रीय कायद्याने इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पॅरामेडिक, या कामाला मान्यताप्राप्त आरोग्य व्यवसायांच्या यादीत घेतलं. त्यांची नोंदणी राज्य परिषदेने करायची आहे.