उच्च प्राथमिक शाळा (महाराष्ट्र)

उच्च प्राथमिक शाळा म्हणजे महाराष्ट्रातील शालेय शिक्षणात प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाला जोडणारा इयत्ता सहावी ते आठवीचा टप्पा होय. या टप्प्यात साधारणतः अकरा ते चौदा वर्षे वयाची मुले-मुली शिकतात. ‘माध्यमिक शाळा’ ही संज्ञा मराठीत नववी-दहावीच्या शिक्षणासाठी रूढ असल्याने हा मधला टप्पा ‘उच्च प्राथमिक’ या नावाने ओळखला जातो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही सहावी ते आठवी हा शालेय शिक्षणाच्या चार टप्प्यांपैकी तिसरा, स्वतंत्र टप्पा मानला आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ या कायद्याने दिलेले संरक्षण आठवीअखेर संपते. त्यामुळे मुलाचे, विशेषतः ग्रामीण भागातील मुलीचे, शिक्षण पुढे चालू राहणार की थांबणार, हे बहुधा याच तीन वर्षांत ठरते. या शाळांचा दैनंदिन क्रम, त्यांतील मूल्यशिक्षण आणि विद्यार्थ्यांसाठीच्या परीक्षा व शिष्यवृत्त्या यांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते.

पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यात सातवी इयत्ता हा प्राथमिक शिक्षणाचा शेवट मानला जाई. सातवीच्या अखेरीस होणारी सार्वजनिक परीक्षा ‘व्हर्नाक्युलर फायनल’ या नावाने ओळखली जात असे. ती उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीस प्राथमिक शिक्षक, तलाठी यांसारख्या नोकऱ्यांचा मार्ग खुला होई. ग्रामीण महाराष्ट्रात ‘फायनल झालेला’ या शब्दप्रयोगाला एकेकाळी जी प्रतिष्ठा होती, तिचे मूळ या परीक्षेत आहे. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले.

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ अन्वये १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. शहरांत हे काम महानगरपालिका व नगरपालिका करतात. याखेरीज खाजगी संस्थांच्या अनुदानित व विनाअनुदानित शाळा आहेत. राज्यात दीर्घकाळ पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक आणि आठवी ते दहावी माध्यमिक अशी विभागणी होती. वरील कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आल्यानंतर पहिली ते पाचवी व सहावी ते आठवी अशी रचना स्वीकारण्यात आली. प्रत्यक्षात मात्र जुनी रचना पूर्णपणे गेलेली नाही. अनेक माध्यमिक विद्यालये आजही पाचवीपासून भरतात आणि जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीला किंवा सातवीला संपतात.

रचना व शिक्षक

कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीसाठी दर ३५ विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक असावा लागतो. विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तीन विषयगटांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक अपेक्षित आहे. पटसंख्या १०० हून अधिक असल्यास पूर्णवेळ मुख्याध्यापक, तसेच कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमण्याची तरतूद आहे. वर्षाला किमान २२० कामाचे दिवस व १,००० अध्यापन तास पूर्ण करावे लागतात. पहिली ते पाचवीसाठी हेच प्रमाण २०० दिवस व ८०० तास असे आहे.

प्राथमिक वर्गात बहुधा एकच गुरुजी किंवा बाई सर्व विषय शिकवतात. सहावीपासून विषयवार शिक्षक येऊ लागतात. तासिका संपली की शिक्षक बदलतात, विषयवार वह्या होतात, प्रयोगवही व नकाशावही दप्तरात येतात. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र आणि भूगोल हे मुख्य विषय असतात. पाठ्यपुस्तके ‘बालभारती’ या नावाने परिचित असलेले महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ प्रसिद्ध करते. या मंडळाची स्थापना २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात झाली.

दैनंदिन क्रम

परिपाठ

शाळेचा दिवस परिपाठाने सुरू होतो. घंटा झाल्यावर विद्यार्थी वर्गवार रांगांनी मैदानात किंवा व्हरांड्यात उभे राहतात. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, ठळक बातम्या, बोधकथा व सामान्यज्ञानाचे प्रश्न ही परिपाठाची सामान्य अंगे आहेत. बहुतेक शाळांत शेवटी पसायदान व मौन होते. पाठ्यपुस्तकांच्या आरंभी छापलेली प्रतिज्ञा मूळ तेलुगूत असून ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये लिहिली. उद्देशिकेचे सामूहिक वाचन राज्यातील शाळांत २६ जानेवारी २०२० पासून सुरू करण्यात आले. राजा बढे यांनी लिहिलेल्या गीतास २०२३ मध्ये राज्यगीताचा दर्जा मिळाल्यानंतर त्याचाही परिपाठात समावेश झाला.

परिपाठाचे संचालन विद्यार्थीच करतात. प्रत्येक वर्गाकडे, किंवा वर्गातील गटाकडे, पाळीपाळीने एकेक दिवस अथवा आठवडा येतो. वर्तमानपत्रातून बातम्या निवडणे, दिनविशेष शोधून फळ्यावर लिहिणे, सर्वांसमोर उभे राहून स्पष्ट आवाजात वाचणे ही कामे त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्यास येतात. एरवी वर्गात न बोलणाऱ्या मुलासही वर्षातून काही वेळा तरी संपूर्ण शाळेसमोर बोलावे लागते, हा या पद्धतीचा महत्त्वाचा लाभ होय.

तासिका, आहार व खेळ

परिपाठानंतर हजेरी होते व तासिका सुरू होतात. मध्ये एक लहान सुटी व एक मोठी सुटी असते. बहुतेक शाळा सकाळी साडेदहा-अकरापासून सायंकाळी पाचच्या सुमारापर्यंत भरतात. शनिवारी शाळा सकाळची असते आणि त्या दिवशी कवायत, खेळ व कार्यानुभव यांना अधिक वेळ मिळतो.

मोठ्या सुटीत शासकीय व अनुदानित शाळांत शालेय पोषण आहार दिला जातो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक वर्गांसाठी सुरू झालेली ही केंद्र पुरस्कृत योजना २००८-०९ मध्ये देशभरातील उच्च प्राथमिक वर्गांना लागू झाली. २०२१ पासून ती ‘पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण’ या नावाने ओळखली जाते. उच्च प्राथमिक विद्यार्थ्यास दररोज १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ७५ ग्रॅम भाजी मिळावी आणि आहारातून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरविण्यात आले आहे. अन्न वाढण्यापूर्वी शिक्षकाने ते चाखून चव नोंदवहीत नोंद करावयाची असते. सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत बसून जेवतात. समतेचा पाठ येथे पुस्तकाविना दिला जातो.

मूल्यशिक्षण

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण १९८६ ने अभ्यासक्रमासाठी दहा गाभाघटक निश्चित केले. स्वातंत्र्य चळवळीचा इतिहास, संविधानिक जबाबदाऱ्या, समानता व लोकशाही, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरणाचे संरक्षण व वैज्ञानिक दृष्टिकोन यांचा त्यांत अंतर्भाव होतो. महाराष्ट्राने त्यांच्या जोडीला मूल्यशिक्षणासाठी पुढील दहा मूल्ये स्वीकारली:

१. वक्तशीरपणा
२. नीटनेटकेपणा
३. श्रमप्रतिष्ठा
४. स्त्री-पुरुष समानता
५. राष्ट्रभक्ती
६. राष्ट्रीय एकात्मता
७. सर्वधर्मसहिष्णुता
८. वैज्ञानिक दृष्टिकोन
९. संवेदनशीलता
१०. सौजन्यशीलता

ही मूल्ये स्वतंत्र विषय म्हणून शिकवून रुजत नाहीत, असा या योजनेमागील विचार आहे. वेळेवर येणे, वर्ग झाडणे, झाडांना पाणी घालणे, फळा पुसणे, पंगतीत वाढणे या नित्याच्या कृतींतून ती अंगी यावीत, अशी अपेक्षा असते. म्हणूनच काम कोणाला दिले जाते, यालाही महत्त्व येते. झाडलोट मुलींनी करायची व मैदान आखणी मुलांनी, अशी वाटणी शाळेत होत असेल, तर स्त्री-पुरुष समानतेचा तक्ता भिंतीवर असूनही त्याचा उपयोग होत नाही. दोन्ही कामे सर्वांना पाळीने देणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

अनेक शाळांत विद्यार्थ्यांचे मंत्रिमंडळ निवडले जाते. उमेदवारी, प्रचार, गुप्त मतदान व मतमोजणी या क्रमातून विद्यार्थ्यांना निवडणुकीची ओळख होते. स्वच्छता, आरोग्य, क्रीडा, सहल, ग्रंथालय अशी खाती निवडून आलेल्यांकडे दिली जातात. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यात सुरू केलेला ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम संविधानातील मूल्यांवर आधारित असून पुढे तो राज्यातील इतर जिल्ह्यांतही पोहोचला.

वर्षातील विशेष दिवसही मूल्यशिक्षणाशी जोडलेले आहेत. ५ सप्टेंबरला विद्यार्थी स्वतः शिक्षक होऊन शाळा चालवतात. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सातारा येथील शाळेत प्रवेश घेतला. त्या घटनेच्या स्मरणार्थ राज्यात विद्यार्थी दिवस साजरा होतो. ३ जानेवारी या सावित्रीबाई फुले यांच्या जन्मदिनी मुलींच्या शिक्षणाविषयी कार्यक्रम होतात.

मूल्यमापन

राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धती लागू झाली. तीत आकारिक व संकलित असे दोन भाग आहेत. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, कृती, प्रकल्प, चाचणी व स्वाध्याय या साधनांनी वर्षभर आकारिक मूल्यमापन होते, तर सत्राच्या अखेरीस संकलित मूल्यमापन होते. पाचवी-सहावीला दोहोंचा भारांश समान, तर सातवी-आठवीला अनुक्रमे ४० व ६० टक्के ठरविण्यात आला. गुणांऐवजी श्रेणी दिली जाते आणि विशेष प्रगती, आवड, छंद व आवश्यक सुधारणा यांच्या वर्णनात्मक नोंदी प्रगतिपुस्तकात केल्या जातात.

मूळ कायद्यानुसार आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवता येत नव्हते. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीत वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा दिली. त्यानुसार महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास अतिरिक्त मार्गदर्शन व पुनर्परीक्षेची संधी द्यावी लागते. कोणत्याही मुलास प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढून टाकता येत नाही.

विद्यार्थ्यांचे यश

शिष्यवृत्ती परीक्षा: महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे ही संस्था ही परीक्षा घेते. पूर्वी चौथी व सातवीत होणारी ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी व आठवीला जोडण्यात आली. आठवीसाठी प्रथम भाषा व गणित आणि तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी असे प्रत्येकी १५० गुणांचे दोन पेपर ठेवण्यात आले. शाळेचे नाव गावात कशावरून घेतले जाते, याचे उत्तर अनेक ठिकाणी शिष्यवृत्तीधारकांच्या नावांचा फलक हेच असते.

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती: केंद्र शासनाची ही योजना २००८ मध्ये सुरू झाली. आठवीत शिकणाऱ्या, शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या वा अनुदानित शाळेतील विद्यार्थ्यांसाठी ती आहे. बौद्धिक क्षमता चाचणी व शालेय क्षमता चाचणी या प्रत्येकी ९० प्रश्नांच्या दोन परीक्षा असतात. देशभरात दरवर्षी एक लाख शिष्यवृत्त्या देण्याची तरतूद असून महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ आहे. निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मिळणारी रक्कम थेट आठवीनंतरच्या शिक्षणाशी बांधलेली असल्याने गळती रोखण्यात या शिष्यवृत्तीचे विशेष मोल आहे.

विज्ञान, कला व क्रीडा: मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी होते. ‘इन्स्पायर मानक’ योजनेत सहावीपासूनचे विद्यार्थी नवकल्पना सादर करू शकतात. निवड झाल्यास प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये दिले जातात. चित्रकलेत एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा प्रसिद्ध आहेत. कबड्डी, खो-खो, लंगडी व धावणे यांच्या स्पर्धा केंद्र, तालुका व जिल्हा या पायऱ्यांनी होतात.

शिक्षणातील सातत्याचे प्रश्न

पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. डोंगराळ भागातील वाड्या व पाडे यांना हे अंतरही मोठे असते. गावची शाळा सातवीला संपत असल्यास आठवीसाठी दुसऱ्या गावी जावे लागते आणि शाळेचा दाखला काढण्याच्या त्या टप्प्यावर अनेक मुलींचे शिक्षण थांबते. राज्य परिवहनाच्या बसमधून मुलींना मोफत प्रवास देणारी अहिल्याबाई होळकर योजना, मानव विकास कार्यक्रमातील सायकलवाटप आणि २००४ मध्ये सुरू झालेली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये हे यावरील प्रमुख उपाय होत.

ऊसतोडणीसाठी होणारे हंगामी स्थलांतर हा दुसरा प्रश्न आहे. दिवाळीच्या सुमारास कुटुंबे बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून साखर कारखान्यांच्या परिसरात जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या वयाच्या मुलांकडे फडावर धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम येते. अशा मुलांना गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे चालविली जातात. स्थलांतरित मुलांस नव्या ठिकाणी प्रवेश मिळावा, यासाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे.

शाळा व पालक

कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळा विकास आराखडा तयार करणे, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे व शाळाबाह्य मुलांना परत आणणे ही समितीची कामे आहेत. अनेक गावांत लोकवर्गणीतून संरक्षक भिंत, रंगकाम, संगणक व ग्रंथालय यांची सोय झाली आहे. मूल सलग काही दिवस गैरहजर राहिल्यास शिक्षक व समिती सदस्य मिळून घरी भेट देतात, तेथे ते मूल परतण्याची शक्यता वाढते. हजेरीपटावरील अशा नोंदींकडे वेळीच लक्ष जाणे, हे शाळा व गाव यांच्यातील संबंध जिवंत असल्याचे लक्षण मानता येते.

हेही पाहा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९
जिल्हा परिषद
बालभारती
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०
सावित्रीबाई फुले