मांजर, पाखरू आणि कचेरी

मांजर आणि पाखरू ह्यांचे वैर आपल्या वाङ्मयाला नवे नाही. ‘हितोपदेशा’तील दीर्घकर्ण नावाचे मांजर चांद्रायण व्रताचे सोंग आणून जरद्गव नावाच्या आंधळ्या गिधाडाचा विश्वास संपादन करते, झाडावरील पाखरांची पिले एकामागून एक फस्त करते आणि हाडे गिधाडाच्या ढोलीत टाकून पसार होते. पाखरांच्या रोषाला बळी पडतो तो बिचारा जरद्गव. मामल्लपुरम् येथील सातव्या शतकातील प्रचंड शिल्पपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना उंदरांच्या मेळाव्यात उभे राहून तप करणारे मांजर आठवेल. ढोंगी माणसाला आपल्या शास्त्रकारांनी ‘बैडालव्रतिक’ म्हटले ते उगाच नव्हे. आपल्या कथांतील मांजर असे धूर्त असते आणि बहुधा त्याचे साधते.

श्रोतेहो, आज मी ज्या मांजराची हकिगत सांगणार आहे, त्याचे मात्र जन्मभर काहीच साधले नाही. अमेरिकेतील वॉर्नर ब्रदर्स ह्या चित्रसंस्थेच्या व्यंगचित्रपटांतील हा काळापांढरा बोका, सिल्व्हेस्टर. त्याचे भक्ष्य म्हणजे ट्वीटी नावाचे, मोठ्या डोक्याचे आणि बोबड्या बोलीचे इवलेसे पिवळे पाखरू. बोक्याने झडप घालावी आणि पाखराने निसटावे, एवढेच ह्या खेळाचे कथानक. मुख्य चित्रपटापूर्वी सहा-सात मिनिटांत तो आटोपत असे.

माझे आयुष्य सरकारी कचेरीत टिपणे लिहिण्यात आणि वाचण्यात चालले आहे. म्हणून असेल, परंतु ह्या करमणुकीचा इतिहास वाचताना माझे लक्ष बोक्याकडे आणि पाखराकडे जितके गेले, तितकेच त्यांच्या पाठीमागच्या कचेऱ्यांकडेही गेले. ह्या पाखराच्या चरित्राला तीन ठिकाणी कचेरीचा हात लागलेला आहे. आणि त्या तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न उभा राहतो. कृती कोणाची? करणाऱ्याची, की मंजुरी देणाऱ्याची?

ट्वीटीचा जन्म 1942 सालचा. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बॉब क्लॅम्पेट ह्या तरुण दिग्दर्शकाचा ‘अ टेल ऑफ टू किटीज’ हा व्यंगचित्रपट प्रदर्शित झाला. त्यात सिल्व्हेस्टर नव्हता. ॲबट आणि कॉस्टेलो ह्या त्या वेळच्या लोकप्रिय विनोदी जोडीची नक्कल करणारे दोन बोके एका घरट्यातल्या पिलाच्या मागे लागतात, अशी ती गोष्ट. अमेरिका युद्धात उतरून तेव्हा वर्षही झाले नव्हते, आणि त्या युद्धाची छाया ह्या चिमुकल्या पटावर सर्वत्र पसरली आहे. लाकडी पंख बांधून आकाशात झेपावलेला बोका स्वतःला लढाऊ विमान समजतो. पिलू विमानविरोधी दलाला वर्दी देते. शेवटी हवाई हल्ल्याच्या पहारेकऱ्याचे शिरस्त्राण घालून ते दिवे मालवण्याचा असा काही हुकूम सोडते, की बोक्यांचे चमकणारे डोळेच काय, आकाशातला चंद्रसुद्धा विझतो. काळोखाची सक्ती सोसणाऱ्या प्रेक्षकांना ह्या विनोदाचे मर्म सांगावे लागले नसेल.

ह्या पहिल्या पटातले पिलू पिवळे नव्हते. ते गुलाबी आणि उघडेबोडके होते. क्लॅम्पेट पुढे सांगत असे, की आपल्याच बाळपणीच्या एका उघड्या छायाचित्रावरून हे रूप आपल्याला सुचले. येथे पहिली कचेरी कथेत प्रवेश करते. चित्रपटांच्या नीतिमत्तेवर देखरेख ठेवण्यासाठी निर्मात्यांनीच स्थापन केलेली एक यंत्रणा हॉलिवूडमध्ये होती. हेज ह्या तिच्या प्रमुखाच्या नावाने ती ओळखली जाई, आणि 1934 पासून तिचा अंमल कडक झाला होता. ह्याच पटातील एक बोका थेट प्रेक्षकांकडे वळून त्या कचेरीला एक द्व्यर्थी टोला हाणतो. पण कचेरीला टोला हाणणे सोपे, तिला टाळणे अवघड. हे पिलू फार उघडे दिसते, असा आक्षेप आला. पाखराला अंगरखा घालणे शक्य नव्हते. पुढच्या काळात त्याच्या अंगावर पिवळी पिसे आली, आणि जगाने ओळखले ते त्याच रूपाला. नियम लावणाऱ्याने रूप कल्पिले नाही, हे खरे. पण त्याच्या हरकतीवाचून ते पिवळे रूप सिद्ध झाले नसते, हेही तितकेच खरे.

आता बोक्याकडे वळू. सिल्व्हेस्टर प्रथम दिसला तो 1945 साली, फ्रिझ फ्रेलेंग ह्या दिग्दर्शकाच्या ‘लाइफ विथ फेदर्स’ ह्या पटात. त्यात बायकोशी भांडलेले एक पाखरू जिवाला कंटाळून स्वतःच बोक्याकडे जाते आणि मला खा म्हणून विनवते. बोक्याला संशय येतो, की ह्यात विष तर नसेल? म्हणजे ज्या एकमेव वेळी शिकार आपण होऊन पायाशी आली, त्या वेळीही बोक्याच्या नशिबी सुख नव्हते. फ्रेलेंग हा त्या चित्रशाळेतील जुनाजाणता माणूस. मधला अल्प काळ वगळता 1930 पासून तो तेथेच राबत होता.

असा सात मिनिटांचा पट कसा सिद्ध होत असे, ते थोडे सांगितले पाहिजे. सेकंदाला चोवीस चौकटी ह्या हिशेबाने सात मिनिटांना दहा हजारांहून अधिक चौकटी लागतात. एक चित्र बहुधा दोन चौकटींपुरते वापरीत. तरीही कित्येक हजार चित्रे हाताने काढावी लागत. कागदावरील रेखाटने सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवर शाईने गिरवावयाची, मागच्या बाजूने रंग भरावयाचा, रंगवलेल्या पार्श्वभूमीवर तो पत्रा ठेवून एकेका चौकटीचे छायाचित्र घ्यावयाचे. शाई आणि रंग ह्यांच्या विभागात बहुतांशी स्त्रिया काम करीत. नामावलीत त्यांना जागा नसे.

नभोवाणीच्या श्रोत्यांना विशेष वाटावे अशी गोष्ट ही, की ह्या चित्रांच्या आधी आवाज येत असे. संवाद अगोदर ध्वनिमुद्रित होत आणि ओठांची हालचाल त्यांबरहुकूम काढली जाई. बोका आणि पाखरू ह्या दोघांचाही आवाज एकाच माणसाचा होता, आणि तो माणूस, मेल ब्लँक, मुळात नभोवाणीवरचा नट. बोक्याच्या बोलण्यात थुंकीचे तुषार उडत. पाखराचा आवाज मात्र मुद्रणाची गती वाढवून बारीक केला जाई. ब्लँकने पगारवाढ मागितली तेव्हा मालकाने पैसे नाकारले, आणि त्याऐवजी पडद्यावर नाव देण्याचे कबूल केले, असे तो पुढे सांगत असे. संगीत कार्ल स्टॉलिंगचे. मूकपटांच्या काळात कॅन्सस सिटीच्या चित्रगृहांत साथ करता करता त्याने क्षणाक्षणाला सूर बदलण्याची विद्या हस्तगत केली होती. फ्रेलेंग तर पात्रांच्या हालचालींचे गणित संगीताच्या मात्रांप्रमाणे आखलेल्या कागदांवरच मांडीत असे. त्याचा बोका चोरपावलांनी चालतो तोही तालात, आणि आपटतो तोही समेवर.

1944 साली ह्या चित्रशाळेचा जुना मालक लिऑन श्लेसिंजर ह्याने ती वॉर्नर ब्रदर्सला विकली, आणि कंपनीने तिच्यावर एडवर्ड सेल्झर हा व्यवस्थापक नेमला. ही आपली दुसरी कचेरी. सेल्झर आला होता प्रसिद्धीच्या खात्यातून. चित्रकलेशी किंवा विनोदाशी त्याचा संबंध नव्हता. चक जोन्स ह्या दुसऱ्या दिग्दर्शकाने लिहून ठेवले आहे, की कथालेखक हसत बसलेले पाहून, ह्या हसण्याचा आणि आपल्या कामाचा काय संबंध, असे सेल्झरने विचारले होते. ही हकिगत वाचून हसू येते. परंतु खाते बदलून आलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याने मनातल्या मनात जरा थांबावे, अशीही ती आहे.

क्लॅम्पेट 1945 साली चित्रशाळा सोडून गेला आणि त्याचे पाखरू पोरके झाले. त्याच वर्षी फ्रेलेंगने सिल्व्हेस्टर आणि एक सुतारपक्षी ह्यांचा एक पट केला होता. तीच जोडी पुन्हा वापरावयाची ठरत असताना त्याच्या मनात आले, की सुतारपक्ष्याऐवजी ट्वीटीला घ्यावे. सेल्झरने नकार दिला. सुतारपक्षीच हवा, असा त्याचा आग्रह. फ्रेलेंगने पुढे सांगितल्याप्रमाणे, त्याने हातातली पेन्सिल सेल्झरच्या मेजावर ठेवली आणि म्हटले, तुम्हांला इतके कळते तर आता तुम्हीच काढा. एवढे बोलून तो निघून गेला. त्याच रात्री सेल्झरने त्याला दूरध्वनी केला, क्षमा मागितली आणि हवे तसे करण्याची मोकळीक दिली.

त्या मोकळिकीतून उभा राहिला तो ‘ट्वीटी पाय’, मे 1947 मध्ये प्रदर्शित झालेला. बर्फात, जळत्या थोटकाच्या उबेला बसलेले पाखरू बोक्याच्या हाती लागते; घरची मालकीण त्याला सोडवते आणि पिंजऱ्यात ठेवते. तेथून पुढे बोका आहे, उंचावर टांगलेला पिंजरा आहे, रचलेले लाकूडसामान आहे आणि मालकिणीचा झाडू आहे. ह्या पटात बोक्याचे नाव टॉमस आहे. सिल्व्हेस्टर हे नाव अजून रुळावयाचे होते. फ्रेलेंगने एक मोठा फरक केला. क्लॅम्पेटचे पिलू उघडउघड आडदांड होते. फ्रेलेंगचे पाखरू चेहऱ्यावर निरागसता धारण करून तेच काम करते. परिणाम असा, की प्रेक्षकांची कणव हळूहळू शिकार सोडून शिकाऱ्याकडे सरकू लागली.

मार्च 1948 मध्ये ह्या पटाला अकादमीचे, म्हणजेच ऑस्कर, पारितोषिक मिळाले. मागील चार वर्षे ते सतत मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या टॉम आणि जेरी ह्या मांजर-उंदरांनी पटकावले होते. वॉर्नरच्या व्यंगचित्रशाळेला मिळालेले हे पहिलेच. त्या काळच्या प्रघाताप्रमाणे ते दिले जाई निर्मात्याला. म्हणजे ज्याने हे पाखरू नको म्हटले होते, त्या सेल्झरच्या हाती सुवर्णपुतळी गेली.

हा अन्याय झाला असे कोणीही म्हणेल. मीही म्हणतो. परंतु कचेरीत वर्षे काढलेल्या माणसाला त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसते. वरिष्ठाने दिलेला नकार त्याच रात्री, स्वतः दूरध्वनी करून मागे घेणे, हे वाटते तितके सोपे नाही. एकदा दिलेला नकार राखण्यासाठी माणसे किती शब्द खर्च करतात, हे नस्त्या चाळणाऱ्यांना ठाऊक आहे. सेल्झरने पट केला नाही. त्याने तो होऊ दिला. पारितोषिक मिळावे इतके हे मोठे कर्तृत्व नव्हे, पण शून्यही नव्हे. आणि एक नोंद त्याच्या बाजूने केलीच पाहिजे: मालक श्लेसिंजरप्रमाणे त्याने पडद्यावर आपले नाव कधी घातले नाही.

तिसरी कचेरी वितरणाची. जुने पट पुन्हा बाजारात आणताना कंपनी त्यांना ‘ब्लू रिबन’ असे गौरवाचे लेबल लावी, आणि नवे शीर्षक जोडताना मूळ नामावली कापून टाकी. 1955 साली ‘ट्वीटी पाय’ असाच पुन्हा निघाला. पारितोषिक मिळवलेला पट नव्या पिढीने पाहिला तो फ्रेलेंगच्या, चित्रकारांच्या, स्टॉलिंगच्या नावांवाचून. येथे वाद नव्हता, द्वेष नव्हता, कोणी पेन्सिल आपटली नाही. केवळ सोय पाहिली गेली. पहिल्या कचेरीने रूप बदलले, दुसरीने नकार देऊन तो मागे घेतला. तिसरीने काही न बोलता नावे पुसली. माझ्या मते तिन्हींत अधिक दोष तिचा.

ह्या जोडीला दुसरे पारितोषिक मिळाले 1957 सालच्या ‘बर्ड्‌स ॲनॉनिमस’ ह्या पटाबद्दल, आणि गंमत अशी, की त्यात बोका खरोखरच व्रत घेतो. दारू सोडू पाहणाऱ्यांची मंडळे 1935 पासून अमेरिकेत काम करीत होती. त्या धर्तीवर पाखरे सोडू पाहणाऱ्या बोक्यांचे एक मंडळ ह्या कथेत आहे. सिल्व्हेस्टर तेथे शपथ घेऊन घरी येतो, तर दूरचित्रवाणीवर पक्षी भाजण्याची कृती चाललेली, आणि रेडिओ लावावा तर पाखरांचीच गाणी! तो स्वतःला बेडी घालून बांधून घेतो, रात्रभर तळमळतो, ढसाढसा रडतो. दीर्घकर्णाचे व्रत खोटे होते आणि ते फळाला आले. ह्याचे व्रत खरे आहे आणि ते मोडते. विनोदाच्या पोटात इतकी करुणा असलेला दुसरा बोका मला ठाऊक नाही.

त्याही पटाची पुतळी प्रघाताप्रमाणे सेल्झरकडेच गेली. पण 1970 साली सेल्झर वारल्यावर ती मेल ब्लँककडे आली. ज्याच्या कंठातून बोका रडला होता, त्याच्याकडे. चित्रशाळेचे दरवाजे 1963 सालीच बंद झाले होते.

आज हे पट जगभर पाहिले जातात, आणि लहान मुले बोका-पाखराखेरीज कोणाचे नाव विचारीत नाहीत. त्यांनी विचारण्याचे कारणही नाही. ते विचारणे आणि नोंदवून ठेवणे हे मोठ्यांचे काम आहे. मंजुरीची सही कागदावर आपोआप टिकते. ज्यांनी शाईने रेषा गिरवल्या, रंग भरले, स्वर दिला, त्यांची नावे मात्र कोणीतरी मुद्दाम जपली तरच टिकतात.