हाली, कलदार आणि परमुलखातला खर्च

परगावी निघालेला मनुष्य घरी पैसे मोजतो, भाड्याचे वेगळे काढतो, उरलेले गाठीला बांधतो आणि एक गोष्ट न बोलता गृहीत धरतो. घरचा रुपया परगावीही रुपयाच राहील, ही ती गोष्ट होय. आज बिदरहून पुण्यास किंवा कलबुर्गीहून मुंबईस जाणाऱ्याला हे गृहीत धरण्यास काहीच हरकत नाही. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या दोन जिल्ह्यांतील मनुष्याला तसे करण्याची सोय नव्हती. सोलापूर गाठताच त्याच्या गाठीच्या रुपयाचे पुरते चौदा आणेही उरत नसत. परदेशचा प्रवासी आणि चलनाचा दर हा विषय आपणांस विमानतळ आणि बड्या हॉटेलांशी जोडलेला वाटतो. पण तो आपल्या सीमाभागातल्या साध्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पायी आणि आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून अनुभवलेला आहे.

बिदर आणि त्या काळी गुलबर्गा या नावाने ओळखला जाणारा कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद या भागांत कानडी, मराठी आणि उर्दू शेजारी शेजारी नांदत. लोकांच्या बोलण्यात निजामाचा मुलूख म्हणजे ‘मोगलाई’ आणि पलीकडचा सोलापूरकडचा इंग्रजी अंमल म्हणजे ‘खालसा मुलूख’. दोहोंच्या सीमेवर करोडगिरीचे नाके असत आणि मालावर जकात द्यावी लागे. पण माणसांची ये-जा नाक्यांनी थांबत नसते. मोगलाईतून लोक सोलापूरच्या गिरण्यांत कामाला जात, मुंबईपर्यंत पोहोचत, आषाढी-कार्तिकीला पंढरपूरची वाट धरत. उलट बाजूने दत्तभक्त गाणगापुरास येत, माणिकप्रभूंचे भक्त हुमनाबादजवळच्या माणिकनगरास येत आणि ख्वाजा बंदेनवाज यांच्या उरुसाला गुलबर्ग्यात दूरदूरची गर्दी लोटे. गुलबर्गा तर मुंबई-मद्रास लोहमार्गावरचेच ठाणे. १८७४ साली वाडीहून हैदराबादकडे निजामाच्या रेल्वेचा फाटा सुरू झाल्यावर ही वर्दळ अधिकच वाढली.

या प्रत्येक प्रवाशाला दोन नाण्यांचा हिशेब ठेवावा लागे. निजामाचे नाणे ते ‘हाली शिक्का’. मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत त्यालाच उस्मानिया शिक्का म्हणू लागले. इंग्रज सरकारचे नाणे ते ‘कलदार’. दोन्हीकडे रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै. नावे सारखी, कोष्टक सारखे. मोल मात्र निराळे. याचे मूळ कारण चांदीत होते. कलदार रुपया एक तोळा वजनाचा आणि त्यातील बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. चारमिनारच्या छापाचा हाली रुपया सुमारे ११.१८ ग्रॅम वजनाचा आणि त्यात चांदी शेकडा ८२ च्या आसपास. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. या दोन आकड्यांचा भागाकार केला की शंभर कलदारांत जितकी चांदी, तितकी भरावयास सुमारे ११७ हाली रुपये लागतात असे दिसते.

चांदीच्या या प्रमाणावर बाजाराचा भाव मात्र नेहमी स्थिर राहिला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगभर चांदीचे मोल घसरले. १८९३ साली हिंदुस्थान सरकारने आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या आणि कलदाराचे मोल त्यातील चांदीपासून तुटले. तेव्हापासून हालीचा भाव वरखाली होऊ लागला. पुढे विसाव्या शतकात निजाम सरकारने तो एका प्रमाणाच्या आसपास राखला. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे ते प्रमाण. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. एका कलदाराला १ रुपया २ आणे ८ पै हाली; आणि एका हालीला १३ आणे ८ पै कलदार, वर किंचित. १९१८ साली कायदा होऊन संस्थानाच्या कागदी नोटाही निघाल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठी, कानडी, तेलुगू आणि इंग्रजीतही रक्कम छापलेली असे. नोट पाच भाषा बोलत होती. पण संस्थानाची सीमा ओलांडली की सराफाखेरीज तिचे बोलणे कोणी ऐकत नसे.

आता एखादा शेतमजूर बिदरहून मुंबईस निघाला, अशी कल्पना करू. त्याच्या गाठीला सत्तर हाली रुपये आहेत. सराफाकडे त्यांचे साठ कलदार व्हावयास हवेत. पण सराफ काही धर्मादाय दुकान चालवीत नाही. त्याने कलदारामागे एक पैसा बट्टा घेतला असे धरले, तर साठ पैसे, म्हणजे पंधरा आणे तेथेच गेले. परत येताना उरलेले कलदार मोडून हाली घ्यावयाचे, म्हणजे पुन्हा बट्टा. दर सरकारने ठरविलेला असला तरी बट्टा ठरविणारा समोरचा मनुष्य असतो. आणि ज्याची निकड अधिक, त्याच्याकडून तो अधिक घेतो. पेढीवर हजारांची उलाढाल करणारा व्यापारी घासाघीस करू शकतो. उतारू गाडीची वेळ गाठण्याच्या घाईत असतो.

पण बट्ट्याहून मोठी फसवणूक होते ती सारख्या नावांमुळे. बिदरला एका वेळचे जेवण चार आणे हाली पडते आणि मुंबईच्या खानावळीत सहा आणे कलदार पडते, असे समजू. ऐकणाऱ्याला वाटेल, मुंबई दोन आण्यांनी महाग. वस्तुतः सहा आणे कलदार म्हणजे सात आणे हाली. फरक तीन आण्यांचा आहे. दोन आणे आकड्यात दिसणारे आणि एक आणा नाण्याच्या आड लपलेला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी १९२८ साली पैशाच्या भ्रमावर एक पुस्तकच प्रसिद्ध केले. मनुष्य नाण्यावरचा आकडा पाहतो, त्या नाण्याने काय मिळते ते पाहत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. मोगलाईतल्या प्रवाशाला हा धडा भर बाजारात, आणि तोही पदरचे पैसे मोजून, शिकावा लागे.

उलट दिशेने येणाऱ्याचा अनुभव निराळा. सोलापूरचा भाविक गाणगापुरास आला की त्याच्या साठ कलदारांचे सत्तर हाली होत. त्याला क्षणभर श्रीमंत झाल्यासारखे वाटे. सोलापूरच्या गिरणीत कमावणारा मोगलाईतला कामगार घरी पैसे आणी, तेव्हा तर हा लाभ त्याच्या संसाराला खरोखरच जाणवे. गावच्या सावकाराचे हालीतले कर्ज कलदारातल्या मजुरीने फेडणे सोपे जाई. मात्र येथेही सावध राहावयास हवे. साठाचे सत्तर झाले म्हणजे दहा रुपयांचा नफा झाला, असे नव्हे. हालीतल्या किमती त्याच प्रमाणात चढ्या असतील तर नफा शून्य. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वीडनचे गुस्ताव कासेल यांनी हाच विचार शास्त्राच्या भाषेत मांडला. दोन चलनांचा खरा दर त्या त्या देशातील किमतींवरून जोखावा, असे ते म्हणत. प्रवाशाचा लाभ किंवा तोटा दर आणि किमती यांच्यामधल्या फटीत असतो.

ही फट किती रुंदावू शकते, हे दुसऱ्या महायुद्धाने दाखविले. १९३९ पासून सरकारचा युद्धखर्च वाढत गेला, नोटा वाढल्या, माल दुर्मिळ झाला. १९४० साली कलदार रुपयातील चांदीही निम्म्यावर आणली गेली. १९४३ पर्यंत हिंदुस्थानातील घाऊक किमती युद्धापूर्वीच्या दुपटीहून अधिक झाल्या. त्या साली मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि शहरात आलेल्या पाहुण्याचे जेवण हा यजमानापुढचा प्रश्न होऊन बसला, कारण घरातले धान्य आता मापात येत होते. या काळात सात हालीचे सहा कलदार हे प्रमाण टिकून होते. मग बिदरच्या मनुष्याचे काय बिघडले?

मघाचेच उदाहरण पुढे नेऊन पाहू. मुंबईचे सहा आण्यांचे जेवण बारा आणे झाले. म्हणजे चौदा आणे हाली. घरी चार आण्यांचे जेवण आठ आणे झाले. म्हणजे दोन्हीकडे किमती सारख्याच दुप्पट झाल्या आणि दरही न बदलण्याचे कारण पटले. पण शेतमजुराची दिवसाची मजुरी आठ आण्यांवरून बाराच आण्यांवर गेली असेल, तर पूर्वी एका दिवसाच्या मजुरीत मुंबईचे एक जेवण होऊन एक आणा शिल्लक राहत होता. आता दिवसभर राबूनही तेथील एक जेवण होत नाही. दोन आणे कमी पडतात. आकडे उदाहरणादाखल आहेत. पण किमती धावतात आणि मजुरी मागून चालते, हा अनुभव प्रत्येक महागाईचा आहे. स्थिर दराने चलनाचे रक्षण होते. मजुरीचे रक्षण त्याने होत नाही.

पुढे राजकारणाने या प्रश्नाला आणखी कडवट वळण दिले. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला आणि त्यानंतर लवकरच मीर लायक अली यांच्या सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात कायदेशीर राहणार नाही असे ठरविले. सीमेवरच्या गावांचा रोजचा व्यवहार ज्या दोन नाण्यांवर चालत होता, त्यांपैकी एक एका कागदाने बेकायदा झाले. सोलापुरात घाम गाळून मिळविलेला कलदार आपल्याच गावी उघडपणे चालविण्याची सोय उरली नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने तो अंमल संपला. १९५० मध्ये भारतीय रुपया संस्थानात अधिकृतपणे आला, तोही सातास सहा याच प्रमाणाने. आणि पुढील काही वर्षांत हाली शिक्का व्यवहारातून टप्प्याटप्प्याने नाहीसा झाला. १९५७ साली दशमान पद्धती आली आणि आणे-पैंचे कोष्टकही मागे पडले.

दर आणि महागाई यांच्या या खेळाचे जगातले सर्वांत भीषण उदाहरण १९२३ च्या जर्मनीत घडले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४ लक्ष २० हजार कोटी मार्क पडत होते. खिशात थोडे डॉलर असलेला परका प्रवासी बर्लिनमध्ये सरदारासारखा राहत होता आणि जन्मभर बचत केलेल्या जर्मन शिक्षकाची पुंजी टपालाच्या तिकिटालाही पुरत नव्हती. आपल्याकडे जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा डॉलरचा दर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला. मुंबईत उतरणाऱ्या पाहुण्याला शंभर डॉलरला ४७६ ऐवजी ७५० रुपये मिळू लागले. त्याला शहर एका रात्रीत स्वस्त झाले. शहरातील रहिवाशाला मात्र ते स्वस्त झाले नाही. उलट, बाहेरून येणारा माल महाग झाला. पुढे किमती जसजशा चढतात तसतसा पाहुण्याचा लाभही वितळत जातो. म्हणून दर घसरला की शहर कायमचे स्वस्त झाले, असे कोणी समजू नये.

आज बिदर आणि कलबुर्गीची मुले हैदराबाद, पुणे, बंगळूर येथे शिकावयास आणि कामास जातात. सराफ नाही, बट्टा नाही, करोडगिरीचा नाका नाही. एका चलनाने हे सारे अडथळे दूर केले, आणि तो लाभ लहान नव्हे. परंतु त्या एका चलनाने गावची मिळकत आणि शहराच्या किमती एकाच मापाच्या केलेल्या नाहीत. भालकीत ज्या रकमेत कुटुंबाचा महिना निघतो, त्या रकमेत महानगरात एका खोलीचे भाडेही निघेल याची खात्री नाही. पूर्वी हा फरक सराफाच्या दुकानात उघड दिसे, आज तो रुपयाच्या एकाच नावाखाली झाकला जातो. यास्तव मुलाला शहरात धाडणाऱ्या पालकाने, किंवा तेथे मजुरीस निघालेल्या मनुष्याने, शहरातल्या पगाराचा आकडा ऐकून थांबू नये. त्या पगारातून तेथील जेवण, निवारा आणि येण्याजाण्याचा खर्च वजा जाता घरी किती पोहोचेल, आणि तितक्यात घरचे किती दिवस निघतील, एवढे दोन प्रश्न त्याने विचारावेत. हाली आणि कलदार वागविणाऱ्या पिढीला ते न शिकविता येत होते, कारण त्याखेरीज तिला गाव सोडताच येत नसे.