फळी, स्पंज आणि कार्बन

टेबलटेनिसच्या बॅटीचा इतिहास लिहायला बसावे, तर त्यातला बराचसा भाग आवाजाचाच निघतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातल्या सुखवस्तू घरांत, रात्रीची जेवणे आटोपली की मेजावर हा खेळ मांडला जाई. हातात कातड्याने मढवलेली डफासारखी बॅट असे. पुढे सेल्युलॉइडचा चेंडू आला. तो बॅटीवर आणि मेजावर आपटताना जो नाद करी, त्यावरूनच 'पिंगपाँग' हे नाव रूढ झाले. मग डफ गेला आणि लाकडी फळी आली, फळीवर दाणेदार रबर आले. पण चेंडूचा 'टक्' असा आवाज कायम राहिला. खेळाडू नजरेइतकाच कानानेही खेळत. समोरच्याने किती जोर लावला, चेंडूला कितपत फिरकी दिली, याची वर्दी तो आवाजच देत असे.

हा आवाज बंद पडला तो आपल्या मुंबईत. १९५२ च्या फेब्रुवारीत जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा मुंबईस भरली. आशियात ती प्रथमच येत होती, आणि जपानही प्रथमच तीत उतरत होता. युद्धात पोळलेल्या त्या देशावर तेव्हा परकीयांचा अंमल होता. तो उठायला अजून एप्रिल उजाडायचा होता. जपानच्या चमूत हिरोजी सातो नावाचा चष्मा लावणारा, किरकोळ अंगाचा खेळाडू होता. त्याच्या बॅटीवर रबर नव्हते, जाड स्पंज होता. चेंडू त्यात रुतायचा आणि गोफणीतून सुटावा तसा बाहेर पडायचा. आवाज मात्र नाही! भले भले युरोपीय खेळाडू चाचपडू लागले. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवून सातोने एकेरीचे अजिंक्यपद मिळवले, आणि सातांपैकी चार अजिंक्यपदे जपानने नेली.

मग वाद पेटला. विजय खेळाडूचा की बॅटीचा? एका बाजूचे म्हणणे, ही चक्क हातचलाखी आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, दाणेदार रबर तरी आकाशातून पडले होते काय? या वादाचे उत्तर काही अंशी काळानेच दिले. सातोला जागतिक एकेरीचे पद पुन्हा लाभले नाही. चेंडू कसा येतो हे एकदा उमगल्यावर स्पंजाची नवलाई ओसरली. उलट त्याच्याच देशाच्या इचिरो ओगिमुराने स्पंजाला चपळ पाय आणि जोरकस फटका यांची जोड दिली, आणि १९५४ व १९५६ अशी दोनदा एकेरीचे पद जिंकले.

१९५९ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने तडजोड काढली. नुसता स्पंज बाद. त्यावर रबराचा थर हवा, आणि दोन्हींची मिळून जाडी चार मिलिमीटरच्या आत हवी. बॅटीच्या पृष्ठभागाला अशी वेसण पडली, तेव्हा वेगाच्या शोधातली माणसे आतल्या लाकडाकडे वळली. योगायोग असा की, त्याच वर्षी जपानातच ओसाका येथे अकिओ शिंदो या संशोधकाने ॲक्रिलिक धाग्यापासून कार्बनचा धागा बनवण्याची रीत शोधली. वजनाला हलका आणि ताठपणात लाकडाला मागे सारणारा हा धागा पुढे विमानांत शिरला, गोल्फच्या दांड्यांत शिरला, आणि टेबलटेनिसच्या फळीतही येऊन बसला.

फळी अखंड लाकडाची नसते. पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून ती होते. त्यांच्यामध्ये कार्बनचे विणलेले कापड घातले की फळी ताठ होते, चेंडू वेगाने सुटतो आणि मध्याच्या थोडा बाहेर लागला तरी फटका फारसा मरत नाही. नियमाने मात्र येथेही हात राखला आहे: फळीच्या जाडीत किमान ८५ टक्के नैसर्गिक लाकूड हवे, आणि धाग्याचा एकेक थर ०.३५ मिलिमीटर किंवा जाडीच्या साडेसात टक्के, यांतल्या लहान मापाहून जाड नको.

पुढे २००० साली चेंडू ३८ वरून ४० मिलिमीटरचा झाला, २००८ मध्ये रबराला चेव आणणाऱ्या द्रावकयुक्त गोंदावर बंदी आली, आणि २०१४ पासून मोठ्या स्पर्धांत सेल्युलॉइडऐवजी प्लॅस्टिकचा चेंडू आला. प्रत्येक बदलाने वेग किंवा फिरकी थोडी थोडी घटवली. साहजिकच आक्रमक खेळाडूंना कार्बनची ओढ वाढली.

आता घरातल्या मुलाने कार्बनची बॅट मागितली, तर वडीलधाऱ्यांनी काय करावे? आधी मुलाचा फटका पाहावा. चेंडू दहापैकी आठ वेळा मेजावर पडत नसेल, तर पाच पापुद्र्यांची साधी लाकडी फळीच बरी. कार्बन चूकही तितक्याच वेगाने बाहेर धाडतो. हात बसला असेल, तर कार्बन कोणत्या थरात आहे ते विचारावे. वरच्या पापुद्र्याच्या लगेच खाली असेल तर फळी कडक आणि उतावळी. गाभ्यालगत असेल तर हलक्या फटक्याला लाकडासारखी नरम आणि जोराच्या फटक्याला कार्बनसारखी तिखट. पहिल्या कार्बनसाठी ही दुसरी जात निवडावी. वजन ८५ ते ९० ग्रॅमच्या आसपास असावे, आणि मूठ हातात धरूनच ठरवावी. चिनी कारखान्यांच्या अशा फळ्या नामांकित जपानी फळ्यांच्या मानाने पुष्कळ स्वस्त मिळतात. मुख्य म्हणजे, जपून वापरली तर फळी वर्षानुवर्षे टिकते, रबर मात्र झिजते आणि पुनःपुन्हा बदलावे लागते. म्हणून सगळे पैसे फळीत घालू नयेत. निम्मे तरी रबरासाठी आणि सरावाच्या चेंडूंसाठी राखावेत.

मुंबईत सातोच्या हाती जे होते, ते जगाला एक हंगाम चकवायला पुरले. ओगिमुराने त्यात पायांची आणि मनगटाची मेहनत ओतली, ती दोन अजिंक्यपदांना पुरली. बॅट घेऊन देताना मुलाला ही गोष्टही जरूर सांगावी. तिला पैसे पडत नाहीत.