कोड सर्किटचं नाव सांगतो, पार्टचं नाही

आजचा इतिहास सुरू होतो माझ्या खिशातून गेलेल्या पैशांपासून.

गेल्या पावसाळ्यात माझी बाईक मिसिंग करायला लागली. रेस दिली की मध्येच आचका, मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी०१२२. "थ्रॉटल सेन्सर गेलाय," निकाल लागला. नवा सेन्सर बसला, मी बिल भरलं, जुना सेन्सर पिशवीत घालून घरी आणला. चार दिवसांनी दिवा पुन्हा पेटला. कोड तोच!

मशीन खोटं बोलतंय, की आपण चुकीचं ऐकतोय? त्यासाठी जरा मागे जाऊ.

कार्ब्युरेटरच्या काळात हा सेन्सर लागतच नव्हता. रेस दिली की केबल ओढली जायची, हवा आत शिरायची आणि तिच्या ओढीनं पेट्रोलही यायचं. १९६७ मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन सिस्टीम फोक्सवॅगन १६०० मध्ये आली. अमेरिकेतले धुराचे नियम कडक होत होते, हे त्यामागचं मोठं कारण. आता पेट्रोल किती सोडायचं हे एक डबा ठरवणार होता. पण ड्रायव्हरने पाय दाबला हे त्या डब्याला कळणार कसं? म्हणून थ्रॉटलच्या दांड्याला एक स्विच जोडला. आत कंगव्यासारखी पट्टी. दाबलं की त्या दातांवरून संपर्क सरकायचा आणि जादा पेट्रोलचा इशारा जायचा.

पुढे त्याजागी पोटेन्शिओमीटर आला. म्हणजे काय, तर जुन्या रेडिओचं आवाजाचं बटणच म्हणा ना! तीन तारा: एक ५ व्होल्टची, एक अर्थिंगची, एक सिग्नलची. रेस सोडलेली असताना सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण दिली की साडेचारच्या आसपास. आणि घासून घासून ते बटण जसं खरखरायला लागतं, तसाच हा सेन्सरही झिजतो.

कोडची भाषा नंतर आली. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि दुचाकीही स्वतःची तपासणी करायला लागल्या. पण पी०१२२ चा अर्थ नीट वाचा: थ्रॉटल सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी. सर्किट म्हणजे सेन्सर, तार, कनेक्टर, सगळंच. यातलं नेमकं काय बिघडलंय, ते कोड सांगत नाही, बरं का.

शेवटी गेलो आमच्या चौकातल्या वायरिंगवाल्या काकांकडे. त्यांनी स्कॅनर बाजूला ठेवला, मल्टिमीटर काढला. चावी ऑन, इंजिन बंद. आधी कनेक्टरवर ५ व्होल्ट येतायत का ते बघितलं. "अरे, त्याला जेवणच मिळत नसेल तर तो काम काय करणार?" ५ व्होल्ट होते. अर्थिंगही ठीक. मग कनेक्टर लावून, मागच्या बाजूने सिग्नलच्या तारेला पिन टेकवली आणि रेस हळूहळू फिरवली. आकडा सरसर चढला, कुठे अडखळला नाही.

मला वाटलं, संपलं. काकांनी मात्र टाकीखालचं वायरिंग हाताने हलवलं, आणि आकडा धाडकन शून्यावर! ५ व्होल्टची तार चॅसीला घासून सोलली होती. पावसाचं पाणी लागून तांबं हिरवं पडलेलं, दोन-तीन धाग्यांवर सगळा कारभार. गाडी हादरली की संपर्क जायचा.

काकांनी तार जोडली, झाळली, टेप मारला. मग म्हणाले, "तो जुना सेन्सर आण रे." तोच परत बसवला. आज तीन महिने झाले, गाडी त्याच सेन्सरवर धावतेय. नवा कपाटात पडलाय.

डब्याला बोलता यावं म्हणून माणसांनी इतकी वर्षं खपून त्याला भाषा दिली. तो खरंच बोलला होता. आम्ही अर्धंच ऐकलं. तर मंडळी, तुमच्या गाडीचा कोड आला की पार्ट बदलण्याआधी एकच विचारा: "तार तपासली का?"

भेटू पुढच्या भागात!