आगीची वर्दी

'वर्दी' हा शब्द रायपुरात उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पोलिसाचा गणवेश उभा राहतो. मराठीत मात्र अग्निशामक दलाला 'वर्दी मिळते', आणि ती किती वाजता मिळाली यावरून पुढील हानीचा हिशेब मांडला जातो. समता कॉलनी (येथील पाट्यांवर 'कॉलोनी') आणि तिला लागून असलेली, महाराष्ट्र मंडळाची वास्तू असलेली चौबे कॉलनी हा भाग आमच्या अनेक वाचकांच्या पायाखालचा आहे. अशा वस्तीतील दवाखान्यांच्या व कार्यालयांच्या छतांना वाटीएवढी पांढरी उपकरणे चिकटलेली दिसतात. ती बसविणारा आणि वर्षानुवर्षे जागी ठेवणारा जो तंत्रज्ञ, त्याच्या धंद्याची पूर्वपीठिका पाहावी असा आमचा मानस आहे.

पूर्वी वर्दी माणूसच देई. गावात जागल्या, शहरात गस्तीचा शिपाई, आणि दोघेही झोपले तर ज्याचे घर पेटले तो स्वतः. विजेने वर्दी देण्याची पहिली नगरव्यवस्था अमेरिकेतील बोस्टन शहरात १८५२ साली सुरू झाली. चॅनिंग नावाच्या वैद्याने व फार्मर नावाच्या यंत्रज्ञाने तारायंत्राची विद्या या कामी लावली. रस्त्यावरच्या पेटीतील दांडा फिरविला की मध्यवर्ती कचेरीत पेटीचा क्रमांक उमटे. पुढे १८९० साली एडिसनचे सहकारी अप्टन यांच्या नावावर आपोआप वाजणाऱ्या विद्युत्-घंटेचे पेटंट नोंदले गेले. धूर हुंगणारे यंत्र मात्र चुकून हाती लागले. १९३० नंतरच्या दशकात येगर हे स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे साधन घडवीत होते. ते काही केल्या साधेना. कंटाळून त्यांनी सिगारेट पेटविली, आणि वायूला दाद न देणारा काटा धुराने हलला.

पण आग लागली एवढेच सांगणे पुरेसे असते काय? मुंबई बंदराने या प्रश्नाचे उत्तर फार मोठ्या किमतीला दिले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या हजारो गासड्या होत्या. दुपारी धूर दिसला. स्फोटकांची आग असल्याचा विशिष्ट सांकेतिक संदेश दूरध्वनीने कळविण्यास एका कर्मचाऱ्याला धाडण्यात आले. त्याला जो दूरध्वनी सापडला त्यावर क्रमांक फिरविण्याची तबकडीच नव्हती. त्याने धावत जाऊन भिंतीवरील आगपेटीची काच फोडली. नियंत्रण कक्षात घंटा वाजली, पण ती नेहमीची. म्हणून नेहमीप्रमाणे दोन पंप रवाना झाले. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशामक दलाचे ६६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर पाळला जातो. त्या घंटेने आपले काम चोख बजावले होते, पण काय पेटले आहे हे सांगण्यास तिला जीभ नव्हती.

आजच्या मोठ्या इमारतींतील पॅनेलला ती जीभ बऱ्याच अंशी लाभली आहे. प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा पत्ता असतो, आणि तिसऱ्या मजल्यावरील अभिलेख-कक्ष की तळघरातील विद्युत्-कक्ष, हे पडद्यावर उमटते. लहान इमारतींत अद्याप जुनीच दोन तारांची पद्धत चालते, आणि आमच्या मते या विद्येतील खरी चतुराई तिच्यातच आहे. तारेच्या अखेरच्या टोकाला एक बारीकसा रोध जोडलेला असतो आणि त्यातून सदैव अत्यल्प प्रवाह वाहता ठेवतात. धूर आला की प्रवाह वाढतो आणि लाल दिवा लागतो. उंदराने तार कुरतडली की प्रवाह थांबतो, आणि पिवळा दिवा लागून बझर कुरकुरू लागतो. निरोगी शांतता आणि मेलेली शांतता यांतील भेद यंत्राला कळावा म्हणून ही योजना आहे.

तो माणसाला कळावा अशी योजना मात्र अद्याप कोणी केलेली नाही. डिटेक्टरच्या अंधाऱ्या पेटीत धुराचे कण प्रकाश विखुरतात, आणि धूळही तेच करते. उरला-सिलतराच्या कारखान्यांची काजळी अंगावर घेणाऱ्या रायपुरात ही धूळ थोडी नव्हे. दोनदा खोटी घंटा वाजली की कार्यालयातला कोणीतरी ज्येष्ठ कारकून त्या विभागाची कळ बंद करवितो, पिवळ्या दिव्याची कुरकुर थांबविण्याचे बटण शिपायाला दाखवून ठेवतो, आणि सारे पूर्ववत् शांत होते. तंत्रज्ञ येतो तो ही शांतता मोडावयास. शिडीवर चढून तो पेटी उघडतो, धूळ झटकतो, नळकांड्यातून चाचणीचा धूर सोडतो, मुख्य वीज तोडून बॅटऱ्या किती तग धरतात ते पाहतो. 'साहेबांची बैठक चालू आहे, हूटर वाजवू नका,' असे त्याला सांगण्यात येते. आमच्या वाचकांपैकी काहींनी हे वाक्य ऐकले असेल. काहींनी उच्चारलेही असेल. देखभालीच्या कराराला सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करून आपण त्याच्याकडून सर्वांत जास्त दक्षतेची अपेक्षा करतो, ही गंमत निराळीच.

सरकारी कचेरीला आगीचे अभय नाही, हे २१ जून २०१२ रोजी खुद्द मुंबईच्या मंत्रालयाने पाहिले. चौथ्या मजल्यावरील आग वर चढली, फायलींसह पाच माणसे गेली. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशूंच्या कक्षात धूर कोंडला. त्याची वर्दी घंटेने दिली नाही, कामावरील परिचारिकेच्या डोळ्यांनी दिली. दहा बालके दगावली. त्यांतील बहुतेक ज्वाळांनी नव्हे, धुराने गुदमरून. त्याच वर्षीच्या १७ एप्रिलला, अग्निशमन सप्ताह चालू असतानाच, रायपुरातील एका खासगी रुग्णालयात आग लागून करोनाचे किमान पाच रुग्ण मरण पावले.

कायद्यांची वाण नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अधिनियमाप्रमाणे इमारतीच्या मालकाने दर जानेवारीत व जुलैत, परवानाधारक संस्थेकडून, सर्व साधने चालू असल्याचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. छत्तीसगडनेही २०१८ साली आपला अग्निशमन व आपत्कालीन सेवा कायदा केला. चाचणी संपली की तंत्रज्ञ नोंदवहीत तारीख, विभाग, डिटेक्टरचा क्रमांक, आढळलेला दोष आणि बंद करून ठेवलेल्या कळी लिहितो व सही करतो. त्याच ओळीत, उजव्या हाताला, कार्यालय-प्रमुखाच्या सहीची जागा असते.